कौल फिरवणारा माणूस

माझं माहेर-सासर दोन्ही देवगडच्या आतल्या अंगाला, इथं घाटकोपरला चाळीत येऊन पस्तीस वर्षं झाली, पण काय सांगू तुम्हाला, डोळे मिटले की अजून गावच दिसतं. लग्न होऊन आले तेव्हा मी पंधरा वर्षांची, आमचे हे बावीसचे आणि धाकटे भावोजी एकोणीसचे, लग्नाचे बाकी. तिकडे जर्मनीची लढाई पेटलेली आणि आमच्या खोताने निरोप धाडला, घरटी एक माणूस पलटणीत द्या.

नातू म्हणतो, आजी, शाळेत शिकवलंय, इंग्रजांनी आपल्याकडे सक्ती केलीच नव्हती. मी म्हटलं, पुस्तकात नसेल रे बाबा, पण ज्याची जमीन आपण कसायची आणि ज्याच्या आवारात आपलं घर, तो दे म्हणाला की झाली सक्ती. खोताला तीन मुलगे, भरती म्हटल्यावर तिघांना तीन दुखणी लागली. ते मला अजून झोंबतं, लिहा तसंच.

तर आमच्या घरातनं कोणी जायचं ते ठरेना, मग देवाला कौल लावला. म्हणजे गुरव पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो, उजवी पडली की देवाचं हो. धाकट्याने जावं काय, विचारलं, आणि उजवी टपकन पडली. भावोजी तेव्हा मालवणला मामाकडे. देवळात गुरव, सासूबाई, हे आणि मी, एवढेच. माझा जीव भांड्यात पडला, खोटं कशाला बोलू. तर हे उठून गुरवाला म्हणतात, काका, डावी पडली म्हणान सांगा, मी जातंय. गुरव म्हणाला, देवाच्या नावावर खोटं कसं बोलू, तर हे म्हणाले, पाप माझ्या माथ्यार, तेका बंदूक बघूनच ताप येतलो.

मग हे बर्मात खेचरं हाकत होते आणि मी इकडे एकच धास्ती घेऊन, देवाचा कौल फिरवलेला माणूस परत येतो कसला. रागही यायचा, भावाचा विचार केलास, बायकोचा नाही केलास. तीन वर्षांनी आले ते एका कानाने बहिरे होऊन, पण आले, आणि त्या दिवसापासून मी ह्यांना मनातनं हात जोडते, असा माणूस मी दुसरा बघितला नाही.

भावोजी आता मुलुंडला असतात, दर रविवारी येतात. शब्दाला शब्द वाढला की म्हणायचे, देवाने दादाला निवडलं त्याला मी काय करू, मी तयारच होतो ना. चाळीस वर्षं ऐकलं. एकदा माझ्या तोंडाशी आलं होतं, ह्यांनी नुसतं बघितलं, मी गिळलं.

गेल्या महिन्यात ह्यांची छाती भरली, तर भावोजी चार दिवस उशाशी बसून. हे झोपले होते आणि भावोजी आपणहून मला म्हणाले, वैनी, मी मालवणला मुद्दाम गेलो होतो, माझं नाव निघेल म्हणून भ्यालो होतो. देवाला माझी भीती कळली, म्हणून त्याने मला सोडलं. केवढा आधार होता हो त्या माणसाला त्या देवाचा. मी म्हटलं, होय भावोजी, देवाला सगळं कळतं, आणि पेज गरम करायला उठले.

मी नाही सांगायची. ह्यांना आता बरं आहे, भाऊ-भाऊ बाहेर गॅलरीत बसलेत, देव दोघांना असाच राखो. तुम्ही लिहा, पण आमची नावं तेवढी घालू नका.