दुसऱ्या गावचा नियम

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या संस्थेचा आधार असलेले माननीय राघोशेठ भोईर, व्यासपीठावरील पंचायत समितीचे सन्माननीय सदस्य, आमचे प्राचार्य, ज्यांच्यासोबत इतकी वर्षं खडू झिजवला ते माझे सहकारी, भाताची लावणी अर्धी टाकून, पायाचा चिखल धुऊन आलेले पालक, आणि माझ्या मुलींनो, मुलांनो, आपणा सर्वांना कमळ म्हात्रेचा मनापासून नमस्कार.

आज मी निवृत्त होते आहे. मघापासून माझ्याविषयी इतकं चांगलं बोललं गेलं की ही बाई कोण, असा मलाच प्रश्न पडला. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. जुलैच्या उकाड्यात, पंखे बंद असताना शाल पांघरून उभं राहायचं म्हणजे सोपं काम नाही. भारनियमनानेही माझ्या निरोपाचाच मुहूर्त धरला.

मी सारखी दाराकडे बघते आहे हे काहींच्या लक्षात आलं असेल. प्राचार्यांच्या तर नक्कीच आलंय, ते दोनदा खाकरले. लपवून काय करू? माझं चित्त थाऱ्यावर नाही. तिसऱ्या रांगेत हिरव्या ड्रेसमध्ये बसली आहे ती खर्डीची वैष्णवी, माझी विद्यार्थिनी. कायद्याच्या मोठ्या विद्यापीठांची प्रवेश परीक्षा तिने दुसऱ्यांदा दिली आहे. निवडीची दुसरी यादी आज दुपारी कॉम्प्युटरवर लागणार आहे. आमचे संदेश सर ती बघायला बाजारातल्या सायबर कॅफेत गेलेत, आणि तिथेही लाइट नाही.

आणि आजच पाच वाजेपर्यंत मुरबाडला डी.एड.ची जागा घ्यायची आहे. तिथे तिचा नंबर लागलाय. मूळ गुणपत्रिका तिथे जमा केली की कायद्याचं दार बंद. ती गुणपत्रिका तिचे वडील धाऊदादा मांडीवर पिशवीत घेऊन बसलेत. बापलेकींच्या मध्ये एक खुर्ची रिकामी आहे. ती का, तेही सांगते. अध्यक्षमहाशय, थोडा वेळ जास्त घेईन, निवृत्त होणाऱ्या माणसाला आज कोण अडवणार?

गेल्या वर्षी, दोन हजार आठ साली, ही पोर पहिल्यांदा परीक्षेला बसली आणि आपटली. इंग्रजी बरं, सामान्यज्ञान बरं, आणि ‘लीगल रीझनिंग’ नावाच्या भागात धुव्वा. जिला वकील व्हायचंय, तीच कायद्यात नापास! एका प्रश्नात होतं, नोकराच्या चुकीला ‘मास्टर’ जबाबदार. मास्टर म्हणजे मालक. हिने वाचलं मास्तर. मला म्हणाली, ‘‘बाई, शिपायानं काच फोडली तं तुमी कशाला भरायची?’’ हसा, हसा. मीही हसले होते.

पण खरी अडचण निराळीच होती. त्या भागात वर एक नियम दिलेला असतो आणि खाली एक प्रसंग. तो नियम लावायचा आणि उत्तर द्यायचं, एवढंच. नियम होता, बदल्यात काही न घेता दिलेलं वचन बंधनकारक नाही. प्रसंग असा, की एकाने शेजाऱ्याला कबूल केलं, तुझं घर शाकारायला येतो. आणि गेला नाही. शेजारी त्याला कोर्टात खेचू शकेल का? हिचं उत्तर, हो.

‘‘अगं, वर नियम काय लिहिलाय?’’

‘‘वाचला बाई. पन त्यानं शब्द दिला ना?’’

‘‘बदल्यात काही घेतलं का?’’

‘‘नाय घेतलं. मंग काय झालं? शब्द दिला म्हंजे दिला!’’

असा प्रत्येक प्रश्नात वाद. हिला सगळं येत होतं आणि म्हणूनच मार्क जात होते. तिचं उत्तर आपल्या कुठल्याही गावात बरोबर ठरलं असतं. मी वैतागायचे, रात्री अंथरुणात कूस बदलत राहायचे. इतक्या वर्षांच्या नोकरीत पोरांना चूक कशी सुधारायची ते शिकवलं, पण चांगुलपणा बाजूला कसा ठेवायचा, हे कुणाला कसं शिकवायचं?

शेवटी एक दिवस म्हटलं, ‘‘वैष्णवी, तू पाहुणी म्हणून दुसऱ्या गावाला गेलीस, तर तिथे आपल्या घरची रीत चालवतेस का?’’

‘‘नाय. त्यांची ती चालवायची.’’

‘‘मग हा नियम म्हणजे दुसरं गाव. पेपर संपला की परत घरी ये.’’

तेव्हापासून प्रश्न वाचायच्या आधी ती ओठातल्या ओठात म्हणायची, दुसरं गाव. आणि काय सांगू, मार्क चढायला लागले! मी सरावाच्या पेपरांवर पेपर काढत गेले, ती सोडवत गेली. मला स्वतःचाच केवढा अभिमान वाटला होता.

मग मृग आला. धाऊदादांनी त्यांच्या शेजारच्या कान्हाला नांगरणीला बैलजोडी देईन असं सांगितलं होतं. ऐन वेळी यांचंच शेत मागे राहिलं. घरात विचार चालला असताना ही पटकन बोलून गेली, ‘‘बाबा, त्यानं बदल्यात काय दिलं? मंग तुमी बांधील नाय.’’

धाऊदादांनी बैल कान्हाकडे नेऊन बांधले, आणि त्या दिवसापासून लेकीशी बोलणं सोडलं. माझ्याकडे आले होते. रागावले नाहीत, पण रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, ‘‘बाई, पोरगी शिकावी असं मलाच वाटायचं. पन ती तिकडून परत येनार नसंल, तं मला नको. त्यापरीस मास्तरीण होऊदे.’’ मी चहा ठेवला. तो त्यांनी घेतला नाही.

म्हणून ती खुर्ची रिकामी आहे. आणि म्हणून मी...

कोण, संदेश सर? या, या, असे दारात उभे राहू नका! बाजारात लाइट आली वाटतं? काय? मोठ्याने सांगा. लागलं? नक्की? नाव नीट वाचलंत ना? अहो, टाळ्या थांबवा जरा, मला ऐकू द्या. लागलं! वैष्णवीचं नाव लागलं!

वैष्णवी, ऊठ अशी. रडतेस काय? काय म्हणतेस? वडिलांना सांगतेस? मागे ऐकू गेलं नसेल, म्हणून मीच सांगते. ती म्हणते आहे, ‘‘बाबा, चला मुरबाडला. आज पाचच्या आत मला डी.एड. नको म्हणून लिहून दिलं, तं यादीत माझ्या खाली जिचं नाव हाय तिला जागा मिळंल. ती दारात वाट बघत बसली असंल.’’

अगं, कोण ती मुलगी? तुझ्या ओळखीची आहे? नाही. तुला कुणी सांगितलं? कुठल्या नियमात बसतं हे?

मान हलवते आहे. ‘‘नियमात नाय, बाई.’’

धाऊदादा उठलेत. पिशवी काखेत मारली. तुम्ही ऐकलंत ना? ‘‘चल गो, वैष्णवी,’’ असं म्हणाले. मृगापासून आज पहिल्यांदा तिला नावाने हाक मारली त्यांनी.

माझं भाषण आता पुढे जायचं नाही. संस्थेने, सहकाऱ्यांनी, या तालुक्याने मला सांभाळून घेतलं, त्याबद्दल सर्वांची ऋणी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला, आणि सत्कार अर्धा टाकून निघते आहे, त्याचीही माफी असावी. मुरबाडची एस.टी. आता मिळायची नाही. राघोशेठ, आपली गाडी बाहेर उभी आहे ना? ड्रायव्हरला तेवढं सांगता?