टाकी बघायचा रविवार

…नाही, पण मला एक सांगा, दर वेळी कालच का? आज का नाही कधी? म्हणजे मी सुट्टीच्या दिवशी लवकर उठायचं, इस्त्रीचा शर्ट घालायचा, दोन बस बदलायच्या, चार जिने चढायचे, दारात चपला काढायच्या, आणि यजमानाने टाकीसमोर उभं करून काय म्हणावं? "अरेरे! कालच यायला हवं होतंत!"

तुम्हाला सांगतो, आमचं एक मंडळ आहे. घरात खाऱ्या पाण्याची टाकी बाळगणाऱ्यांचं. नुसते मासे नव्हेत हो, ते कोणीही पाळतं! आमच्याकडे समुद्र असतो, दिवाणाएवढा… खडक, पोवळी, लाटा मारणारे पंप, वर निळे दिवे. दर रविवारी एकाची टाकी बाकीच्यांनी जाऊन बघायची. नियम एकच, हात पाठीमागे. आता मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, बत्तीस वर्षं जे उघडं दिसेल त्यात चिमटा घालत आलोय, मला हात पाठीमागे ठेव म्हणजे शिक्षाच की, पण ठेवतो.

का ठेवतो? एका गोष्टीसाठी. अ‍ॅनिमोन! दिसायला फूल, पण असतो प्राणी, खडकाला चिकटून बसतो. मिटला की नुसता ओला पायमोजा. आणि उमलला की… थांबा, सांगतो. चार वर्षांपूर्वी चष्म्यांच्या दुकानदाराकडे त्याचं घड्याळ पोचवायला गेलो होतो, आणि त्याच्या बैठकीत तो उमललेला होता. परातीएवढा! जांभळ्या टोकांची शेकडो बोटं, सगळी एका लयीत हलतायत, आणि मधे दोन केशरी मासे, नवराबायको, गादीवर लोळावं तसे लोळतायत. मी घड्याळ द्यायचंच विसरलो, तसाच खिशात घालून घरी आलो, बायकोला सांगायला लागलो, आणि मला सांगता येईना हो! हातवारे केले, बोटं हलवली. ती म्हणाली, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

तेव्हाच ठरवलं, हिला दाखवायचंच. एकदा. बस्स, एकदा.

जेवायचं टेबल गेलं, टाकी आली. बायको चार वर्षं ताट मांडीवर घेऊन जेवतेय. न्हाणीघरात मिठाच्या पाण्याच्या बादल्या, पंपाची चोवीस तास घरघर, आणि आमचा अ‍ॅनिमोन? पायमोजा! फारतर मुठीएवढा फुलणार, मी जवळ गेलो की मिटणार. दोन केशरी मासे बिचारे शेजारी वाट बघत उभे. आणि बायको विचारते, चिडून नाही हं, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारते, "यात नक्की बघायचं काय आहे?" चिडली असती ना, तर परवडलं असतं.

म्हणून तिला मंडळातल्या लोकांकडे घेऊन गेलो. आधी दातांचे डॉक्टर. त्यांनी काय करावं? पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी अख्खी टाकी घासली! खडक हलवले, पाणी बदललं, काचा लखलखीत, आणि आतलं यच्चयावत सगळं रुसून बसलेलं. "वहिनी, काय सांगू… कालच यायला हवं होतंत!" मग लिफ्ट दुरुस्त करणारा. "काल ना, असा! अस्सा फुलला होता!" म्हणत त्याने दोन्ही हात पसरले, मागची फुलदाणी फुटली. शिकवणीवाल्या बाईंनी तर फोटो दाखवला. फोटो! दोन बस बदलून! परतताना बायको म्हणाली, "तुमचे लोक चांगले आहेत हो. पण यांचं सगळं कालच होऊन गेलेलं असतं." त्यानंतर ती यायची बंद झाली.

आणि खरं सांगू का, मी तरी कुठे वेगळा आहे? मंडळी यायची असली की आदल्या दिवशी माझा हात कोपरापर्यंत टाकीत. पंपाचं तोंड जरा इकडे, खडक जरा तिकडे… मंडळी येणार नसली तरी हात आतच. दात घासायच्या आधी हात आत!

तर गेल्या रविवारी चष्मेवाल्याकडे बोलावणं. तोच अ‍ॅनिमोन, तीच बैठक! निघायच्या घाईत मी स्वतःच्या टाकीकडे ढुंकूनही बघितलं नाही. पोचलो. हात पाठीमागे. पायमोजा. "अहो, कालच…" म्हटलं, पुढचं बोलू नका, पाया पडतो तुमच्या. तीन तास उभा राहिलो. बाकीचे गेले, चष्मेवाल्याकडची जेवणं उरकली, मी आपला उभा. माझ्या गुडघ्यांना कळलं, त्या प्राण्याला नाही कळलं.

घरी आलो तर बायको टाकीसमोर खुर्ची ओढून बसलेली. चहावर साय, चेहऱ्यावर निळा उजेड. टाकीत बघितलं… पायमोजा.

"अहो," ती म्हणाली, "परातीएवढा झाला होता! सकाळपासून तुमचा हात आत नाही ना, हळूहळू उघडतच गेला, आणि ते दोघं मधे जाऊन असे… असे…" तिला सांगता येईना हो! दहाही बोटं हलवायला लागली. मला इतका आनंद झाला, चार वर्षांनी हिला कळलं… आणि मी तिकडे तीन तास पायमोजा बघत उभा! तर माझ्याकडे बघून अगदी कळवळून काय म्हणावं तिने? "तासभर आधी यायला हवं होतंत!"

चपला काढल्या, तिच्या खुर्चीमागे उभा राहिलो, हात पाठीमागे बांधले. माझ्याच घरात!

म्हणून आज म्हटलं, कुठे म्हणून जायचं नाही. सकाळपासून टाकीसमोर उभा, श्वाससुद्धा बेताने. तर दहा वाजता बायको छत्री हातात देऊन म्हणते, "तुम्ही जरा बाहेर जाऊन या ना. तुम्ही असलात की तो उमलत नाही."

नाहीतर तुमच्यापुढे एवढं बोलत कशाला बसलो असतो? आत्ता या घटकेला उमलला असेल बघा तिकडे… बसू द्या अजून थोडा वेळ. तिचं बघून होऊ दे.