हापिसातला लखन

मे २००३. नाशिकरोड स्टेशनवर प्लॅटफॉर्म तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे दिंडोरीच्या एक मावशी उभ्या होत्या. त्यांच्यापुढची कॉलेजातली मुलगी मागे वळून त्यांच्याशी बोलत होती.

"कोणाला घ्यायला आलात, मावशी?"

"माझ्या लखनला. दिल्लीला सरकारी नोकरीत हाय. चार वर्सांनी येतोय."

"चार वर्षं? सुट्टीच नाही मिळत?"

"बाप गेला तवाबी आला नाय. फोनवर म्हणे, हापिसात काम हाय. मी बोलणंच टाकलं त्याच्याशी."

"मग?"

"मग पुतणीनं एक पिक्चर दाखवला. गुप्तहेराचा. आख्ख्या थेटरात आम्ही धरून अकरा माणसं."

"तो नव्या हिरोचा? आठवड्यात उतरला तो. ना गाणी, ना मारामारी."

"त्यो पोरगा परमुलखात लपून ऱ्हातो, अन् आईला फोनवर हसत सांगतो, मी हापिसात हाय. फोन ठेवला की भिंतीला टेकून खाली बसतो. लय चांगलं काम केलं बघ त्यानं. मी तितंच रडले."

"म्हणजे तुमचा लखनपण...?"

"मला काय ठावं? त्यानं कधी सांगितलं नाय. दुसऱ्या दिशी मीच फोन लावला. म्हणलं, बाबा, हापिस सुटंल तवा ये. त्या नव्या पोराचं देव भलं करो. त्याच्यापायी आज माझं पोरगं घरी येतंय."

"आज विचारणार त्याला, कुठे होता ते?"

"नाय गं. हापिसात पंखा तरी हाय का, एवढंच विचारीन."