मस्कतला न पोचलेले रंग

...आणि पुन्हा तेच! पांढरं! अक्षरं आली, काळी, डावीकडे एकाखाली एक मुकाट उभी, आणि रंग? नावाला नाही! आणि तुम्हाला सांगतो, घरी तर दिसतंय हो!

आता तुम्ही म्हणाल, कसलं काय... सांगतो. आमचा हमरापूरला गणपतीचा कारखाना. रंगकाम काळुरामकाकांचं, वडलांचे थोरले भाऊ. त्यांनी मारलेला पितांबराचा पिवळा बघायला शेजारच्या जोहे गावचे मूर्ती-कारखानदार येतात, आता बोला! तर यंदा, नव्व्याण्णव साल, मस्कतच्या मराठी मंडळाचा फोन आला, घराघरांतले गणपती तुमच्याकडनं घेऊ, फक्त रंग इंटरनेटवर दाखवा, रविवारी मीटिंग आहे. काका हरखले! रंग परदेशात जाणार! फोटो टाकायला स्कॅनर कुठला, म्हणून पितांबर, शेला, मुकुट, एकेकाचा रंगीत चौकोन केला मी घरच्या कॉम्प्युटरवर, आणि काका शेजारी बसून, "थोरा पिवला आनखी... थोरा... बस!" काय दिसत होतं म्हणता!

शनिवारी ते फ्लॉपीत घातलं, पेणला हर्षदच्या कॅफेत नेऊन इंटरनेटवर चढवलं, उघडलं... पांढरं. हर्षद म्हणतो, "रिफ्रेश मारा." मारलं. पांढरं. "बंद करून चालू करा." केलं. पांढरं! मग त्याने मॉनिटरला एक चापट दिली, तर तो आणखी पांढरा झाला! अरे बाबा, घरी तर दिसतंय!

रविवारी सकाळी रोह्याला, हैबतराव सरांकडे. त्यांच्या क्लासात मी हे शिकलो. सरांनी फ्लॉपी घातली, चष्मा वर केला. "पांढरं आहे." मी म्हटलं, सर, घरी दिसतंय. "मग मस्कतला सांग, घरी या!" मग आत शिरून बघतात तर काय... पानात नुसती अक्षरं असतात हो, रंगांची फाईल वेगळी, तिला स्टाईलशीट म्हणतात, आणि तिचा पत्ता पानात लिहिलेला असतो. तो पत्ता होता माझ्या घरच्या कॉम्प्युटरचा! "अरे शहाण्या, मस्कतचा माणूस रंग बघायला तुझ्या सी ड्राईव्हमध्ये येणार? प्रोग्रॅमने विचारलं असेल की तुला, फाईल पानाशेजारी कॉपी करू का?"

विचारलं होतं ना! मी 'नाही' दाबलं! कारण आमच्या कारखान्यात लहानपणापासून काय ऐकतोय? "रंग जाग्यावरशी हालवाचा नाय! मूर्ती रंगाजवल येल, रंग मूर्तीजवल जानार नाय!" मिसळलेला रंग हलवला की धूळ बसते, म्हणून तो आपला कोपऱ्यात, झाकून. मीही ठेवला. कोपऱ्यात. झाकून!

सरांनी पत्ता बदलला, फाईल शेजारी ठेवली. निघालो. गाडी वाटेत कासू स्टेशनात जी थांबली... कशासाठी? विचारू नका. संध्याकाळी पेणला काकांनाही बोलावून घेतलं. चढवलं, उघडलं, आणि आला हो पिवळा! हर्षदच्या कॅफेत! काकांचे डोळे भरले. मलाही कसंसंच झालं, खोटं कशाला बोलू?

घरी आलो तर मस्कतचा फोन. "मीटिंग झाली दुपारी. पान काय सुरेख, पांढरंशुभ्र! आम्ही समजलो, तुम्ही कच्च्या मूर्ती विकता, बिनरंगाच्या. पोरं नाचायला लागली, आम्ही रंगवणार! सगळ्या कच्च्याच पाठवा. आणि पान तसंच ठेवा हां, दुबईचं मंडळही बघणार आहे."

काकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गिऱ्हाईक हाय. काढ रंग."

सोमवारी पेणला जाऊन काढला. हर्षद म्हणतो, "रिफ्रेश मारा." मारलं. पांढरं! या वेळी बरोबर पांढरं!

घरी येऊन इथलाही काढायला बसलो. मागनं काकांनी माझा हात धरला. पिवळ्या चौकोनाकडे बघत म्हणाले, "ऱ्हाऊ दे रं... घरी तरी दिसतंय."