सर मला विचारतच नाहीत

शिक्षकांचा विषय निघालाच आहे, तर माझ्या लेकीचं, प्रणालीचं सांगते. सातवीत होती. गणिताच्या चाचणीत पेपर चक्क कोरा देऊन आली. मी चिडले, "काऊन गं?"

"काय करू लिहून? सर साऱ्या वर्गाले प्रश्न विचारतेत, मले सोडून. त्यायनं मले ढ धरलं."

दुसऱ्या दिवशी मी सिंदीला तिच्या शाळेत गेले. माझं ऐकून सर म्हणाले, "ताई, मागच्या वर्षी तिला फळ्याजवळ बोलावलं होतं. उत्तर आलं नाही, तर पोर सगळ्यांसमोर रडली. मलाच वाईट वाटलं. तेव्हापासून मुद्दाम विचारत नाही."

घ्या! सर तिला जपत होते आणि तिला वाटत होतं, सरांनी आपला नाद सोडला.

मी म्हटलं, "सर, विचारा तिले. रडली तर रडू द्या. चूप झाली की पुन्हा विचारा."

सरांनी ऐकलं. संध्याकाळी पोरगी लाल डोळ्यांनी घरी आली.

"काय झालं गं?"

"सरनं मले फळ्यावर बोलावलं."

"मंग?"

"नाई आलं मले. सारे हासले."

मला वाटलं, आता ही उद्या शाळेत जायची नाही. तेवढ्यात तिनं नाक पुसलं, दप्तरातून गणिताची वही काढली आणि मलाच दटावलं, "टीव्ही बंद कर ना आई! सर उद्या पुन्हा विचारणार हायेत मले."