पोह्याच्या बशीखालचा कागद

अठ्ठ्याण्णव साल. पाटणच्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर बाप-लेक.

"संयोगिता, हे इंग्रजी वाच. परवा पोरगा तुला बघून गेला, तवा पोह्याच्या बशीखाली ठिवून गेलाय. तोंडानं म्हनं, हुंडा नको!"

"आवं आबा, ही मागणी न्हाई. त्यांना कॉम्प्युटर जोडून घ्यायचा हाय, त्याचे पार्ट लिवल्यात. पेंटियम टू, थ्रीडी कार्ड, जॉयस्टिक."

"जॉयस्टिक कशाला?"

"गेम खेळायला. इमानं पाडायची."

"आन् त्याचा बाप म्हनत हुता, हापिसच्या कामाला घेतोय! मी सतरा वर्सं फौजेत खरी रायफल धरली, आन् जावई खोटी इमानं पाडणार? पाटणला उतरतो, कागद त्याच्या तोंडावर टाकतो आन् सोयरीक मोडतो."

"थांबा. आधी पेन द्या."

"कशाला?"

"रॅम सोळाच लिवलीय. बत्तीस पायजे, न्हाईतर गेम अडकत चालतोय. आन् जॉयस्टिक एकच हाय, दोन करते."

"तुला गं कसं ठावं?"

"कॉम्प्युटरच्या क्लासात सर नसले की आमी काय करतो?"

"पर कालपतूर तर पोरगा पसंत न्हाई म्हनत हुतीस!"

"काल कागद कुटं वाचला हुता?"