पडलेले डाव धरत नाहीत

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या शिवणबाईंना शेजारच्या नवराबायकोचं बोलणं नको म्हटलं तरी ऐकू येत होतं.

"आपल्या राक्षस मारायच्या फाशांच्या खेळात कुणाचं पात्र किती मारतं, त्याची सरासरी काढली. माझा कुऱ्हाडवाला दर डावाला राक्षसाचे अठरा गुण उडवतो. तुझी वैदीण, तीन."

"ती औषध देते रे."

"मग मारायचं कुणी? या रविवारी तिच्याऐवजी तिरंदाज घे."

"राक्षसानं तुला आडवं केलं होतं, तेव्हाही अठराच?"

"पडलेले डाव धरत नाहीत."

"का?"

"तेव्हा मी मारतच नाही ना!"

"आणि तुला उठवलं कुणी?"

"तूच. पण ते मारात कसं धरणार?"

"बरं, उठल्यावर जे मारलंस ते?"

"ते माझं."

शिवणबाईंना हसू फुटलं, तशी दाढ ठणकली.

तेवढ्यात आतून त्याच्या नावाची हाक आली. तो उठला आणि पुन्हा बसला.

"इंजेक्शन देतील का गं?"

"देतील की."

"तू येतेस ना आत?"

"तिरंदाजाला ने."

"चल ना गं."

ती केव्हाच पर्स खांद्याला अडकवून उभी होती. दोघांना वाट मिळावी म्हणून शिवणबाईंनी पाय आत घेतले.